डबीतली बाई

गेल्या रविवारी भंगारवाला दारात आला. हिने माळ्यावरचं एक खोकं आधीच काढून ठेवलं होतं. त्यात दोन जुने मोबाईल, बंद पडलेला ट्रान्झिस्टर, इस्त्रीची वायर आणि अगदी तळाशी एक काळी, चपटी डबी. पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान. सोबत काचेला चिकटवायची रबरी वाटी. भंगारवाल्यानं डबी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "हे काय हाय ओ सर? टीव्ही हाय का?"

मी म्हटलं, "नाही रे. ही वाट दाखवायची."

"मग आता?"

"आता तिला स्वतःलाच काही दिसत नाही."

त्यानं वीस रुपये सांगितले. हिची ना नव्हती. पण मी डबी परत घेतली आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. ही माझ्याकडे बघत राहिली, बोलली काही नाही. तिला कारण माहीत आहे. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून आज हे लिहायला बसलो.

गोष्ट २०१० सालची. मी शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं नुकतीच एक जुनी चारचाकी घेतली होती. गौरी-गणपतीला सोलापूरला येताना तो ही डबी घेऊन आला. किंमत साडेसहा हजार रुपये. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्रानं नावाजलेल्या कंपनीची घेतली होती, ती जवळपास दुप्पट किमतीची. आमची स्वस्तातली. तेव्हा आजच्यासारखा प्रत्येकाच्या खिशात नकाशा नव्हता. फोन होते ते बोलायचे आणि मेसेज करायचे. त्यामुळे गाडीच्या काचेला चिकटवलेला तो छोटा पडदा, त्यावर सरकणारा बाण आणि आतून बोलणारी बाई, हे सगळं आमच्या गल्लीत अप्रूप होतं. शेजारची पोरं गाडीत बसून नुसता पडदा बघायची.

आतली बाई इंग्रजी बोलायची. "शंभर मीटरवर डावीकडे वळा" एवढंच तिचं म्हणणं, पण उच्चार असे की आपलंच गाव परकं वाटावं. 'ळ' तिला येतच नव्हता. वळसंगचं ती वालसंग करायची, टाकळीचं टाकली. चाळीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवलेला माणूस मी. मी तिला मागून दुरुस्त करायचो आणि नातवंडं हसायची. वळण चुकलं की ती "रिकॅल्क्युलेटिंग" म्हणायची. रागवायची नाही, चिडायची नाही. ही म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरी आहे."

पहिल्याच दिवशी मुलगा म्हणाला, "अण्णा, कुठं जायचं सांगा, ती नेईल." मी म्हटलं, हत्तरसंग कुडल. सोलापूरकरांना हे ठिकाण माहीत असेल. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर जुनी देवळं आहेत. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो धरला जातो. म्हटलं, हजार वर्षांपूर्वी जिथं कुणीतरी मराठी कोरून ठेवली, ते गाव हिला माहीत असेलच.

मुलगा एकेक इंग्रजी अक्षर दाबत बसला. हत्तरसंगला एक टी की दोन? शेवटी ए की ई? चार प्रकारे लिहून बघितलं, बाईला कळेना. मग नुसतं कुडल टाकलं. ती लगेच खूश झाली आणि तिनं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता काढून दिला. बघतो तर काय, ती आम्हाला सिंधुदुर्गातल्या कुडाळला घेऊन निघाली होती! इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच. त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. मग मी पुढं बसलो, रस्ता सांगितला आणि तासाभरात संगमावर पोचलो. बाई सगळी वाट "शक्य तिथे मागे वळा" असं सांगत होती.

मात्र तिची बाजूही सांगायला हवी. आमच्या ओळखीचे एक चादरीचे व्यापारी आहेत. त्यांनीही तसलीच डबी घेतली होती. ते म्हणायचे, "सर, हैदराबादेत रात्री एक वाजता मला गोदामाच्या दारात नेऊन सोडलं तिनं. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणी फसवलं नाही." त्यांचे साडेसहा हजार दोन फेऱ्यांत वसूल झाले. पुण्यात माझ्या मुलालाही तिचा उपयोग होता. तक्रारी सगळ्या सारख्याच होत्या. चालू केल्यावर पाचदहा मिनिटं ती आकाशात काय शोधत बसायची कोण जाणे. सिगारेटच्या भोकातली चार्जरची पिन खड्ड्यात गाडी गेली की निसटायची. आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा! मे महिन्यात बंद गाडीत रबरी वाटी मऊ पडायची आणि भर चौकात डबी ड्रायव्हरच्या मांडीवर येऊन पडायची. नकाशा नवा करून घ्यायचा तर पुन्हा पैसे.

पण शहरात शहाणी असणारी ही बाई तालुक्यात गेली की वेडी का होते, हे मला नंतर पुस्तकं वाचून कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्याला वाटतं, उपग्रह वरून रस्ता बघतो आणि आपल्याला सांगतो. तसं मुळीच नाही. हे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि एकच काम करतात. आपण कुठे आहोत आणि आत्ता नेमके किती वाजले, हे सतत सांगत राहतात. शाळेच्या पटांगणात लांब उभं राहिलं की घंटेचा टोला पडलेला आधी दिसतो आणि आवाज जरा उशिरा येतो. त्या उशिरावरून घंटा किती लांब आहे ते काढता येतं. डबी तेच करते. निदान चार उपग्रहांची घंटा ऐकून स्वतःची जागा काढते. घड्याळं इतकी काटेकोर लागतात की आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद इथं हिशेबात धरावा लागतो. वरची घड्याळं रोज सेकंदाच्या अडतीस दशलक्षांश भागाएवढी पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या वर चूक साठेल.

ही यंत्रणा अमेरिकेच्या लष्करानं १९७३ पासून उभी केली. १९८३ साली कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर ही सोय सामान्यांना खुली करायचं अमेरिकेनं जाहीर केलं. तरी सामान्यांसाठीचे संकेत मुद्दाम ढोबळ ठेवलेले होते. शंभर मीटरचा फरक पडायचा. मे २००० मध्ये तो ढोबळपणा काढून टाकला, आणि मगच असल्या स्वस्त डब्या बाजारात येऊ शकल्या. पुढं आपल्या इस्रोनंही स्वतःचे सात उपग्रह सोडून २०१६ साली आपली यंत्रणा उभी केली. तिचं नाव 'नाविक'.

पण हे सगळं कशासाठी? तर 'तू कुठे आहेस' एवढं सांगण्यासाठी. तुझ्या पुढचा रस्ता कसा आहे, हे उपग्रहाला ठाऊकच नसतं. ते डबीतल्या नकाशात असतं आणि नकाशा माणसानं केलेला असतो. कुणीतरी त्या रस्त्यानं गेलेलं असावं लागतं. १८०२ साली मद्रासजवळून लॅम्बटननं हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. अर्धा टन वजनाचं यंत्र वाहून नेत, डोंगरामागून डोंगर मोजत तो वर सरकत आला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. नकाशा असा पायांनी होतो. आमच्या डबीच्या नकाशासाठी कुणीतरी पुणे, हैदराबाद फिरलं असेल. अक्कलकोट तालुक्यातल्या गाडीवाटेनं पावसाळ्यात कोण कशाला जाईल?

आता मुख्य गोष्ट.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, अक्कलकोटच्या पुढं कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका गावात दिलेली. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनंच केलं. तिच्या गावाला जायचं म्हणजे सोलापुरातून एस.टी.नं कुंभारी, वळसंग करत अक्कलकोट. तिथून दुसऱ्या एस.टी.नं फाट्यापर्यंत. फाट्यावर एक भली मोठी चिंच. तिथून गाव दीड कोस. मुलगा लहान असताना मी त्याला खिडकीशी बसवून रस्त्याकडेचे दगड ओळखायला शिकवायचो. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा. दगड मोजत मोजत आत्याचं गाव यायचं. आणि गाडीची वेळ झाली की आक्का त्या चिंचेखाली येऊन उभी असायची. आधी पत्र टाकलेलं असो नसो, सणासुदीच्या सुट्टीत ती यायचीच. मी म्हणायचो, "अगं, कशाला तंगडतोड करतेस?" ती म्हणायची, "घरात बसून वाट दिसत नाही."

त्या वर्षी गौरी उठल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भाच्याचा फोन आला. "मामा, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, कुणाला बोलवायचं ते बोलवून घ्या. ती तुमचंच नाव घेते."

मुलगा घरीच होता. पाच मिनिटांत गाडी काढली. मी पुढं बसलो, ही मागं. मुलानं डबी काचेला लावली, गावाचं नाव टाकलं. त्या नावाची गावं आपल्या जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत, पण त्यानं तालुका बघून नेमकं बरोबर निवडलं. तिथं बाईची चूक नव्हती. सेटिंगमध्ये दोन पर्याय होते. एक कमीत कमी वेळाचा, दुसरा कमीत कमी अंतराचा. त्याला घाई होती, त्यानं कमी अंतर दाबलं. मला वाटतं, त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. जवळचा रस्ता म्हणजे लवकरचा रस्ता, असं आपण धरून चालतो.

वळसंग मागं टाकलं. थोडं पुढं गेल्यावर बाई म्हणाली, डावीकडे वळा.

इथं मला थांबायला हवं. कारण पंधरा वर्षं मी ज्या गोष्टीपाशी अडतो ती हीच जागा आहे. मला रस्ता माहीत होता. डोळे मिटून सांगितला असता. सरळ अक्कलकोट, मग फाटा, मग चिंच. डावीकडच्या वाटेनं मी पूर्वी एकदा बैलगाडीतून गेलो होतो. पुढं ओढा आहे आणि ओढ्यावर फरशी आहे, हेही मला आठवत होतं. आठ दिवस पाऊस झाला होता, हेही दिसत होतं. तोंडापर्यंत शब्द आले होते, "अरे, सरळ घे." पण मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, "अण्णा, नऊ किलोमीटर वाचतात." त्याच्या आवाजात काहीतरी असं होतं, की आज मी तुमच्या उपयोगी पडतोय. मी गप्प बसलो. म्हटलं, एव्हाना पूल झाला असेल. आपण म्हातारे झालो, यांना जास्त कळतं.

चाळीस वर्षं वर्गात मी सांगत आलो की शंका आली तर हात वर करा. त्या दिवशी माझा हात वर गेला नाही.

तीनचार किलोमीटर डांबर होतं, पुढं खडी, पुढं काळी माती. एक म्हातारा बांधावर गुरं राखत होता. त्यानं हात केला. मुलानं काच खाली घेतली.

"तिकडं कुठं चाललाव? फरशी बुडलीया. चार दिस झालं."

मुलानं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर निळी रेघ ओढ्यावरून सरळ पलीकडे गेलेली होती. पाण्याचा पत्ता नव्हता. तरी खात्री करायला शंभर पावलं पुढं गेलो आणि गढूळ पाणी दिसलं. गाडी वळवताना मागचं चाक बाजूच्या चिखलात रुतलं. काळ्या मातीचा चिखल काय असतो ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. त्या म्हाताऱ्यानं शेतातून चार माणसं हाक मारून आणली. तुराट्या, दगड, गोणपाट, जे मिळेल ते चाकाखाली घातलं. गाडी बाहेर निघायला दीड तास गेला. ही एका बाजूला उभी राहून देवाचं नाव घेत होती. आणि आत काचेवरून बाई शांतपणे सांगत होती, तीनशे मीटर सरळ जा. शेवटी मुलानं हिसका देऊन तिची वायर काढली.

परत वळसंगजवळ येऊन, अक्कलकोटवरून, फाट्यावरून, चिंचेखालून गेलो. चिंचेखाली कुणी नव्हतं. आम्ही दारात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. आक्का पावणेदोनला गेली होती.

भाचा गळ्यात पडला. म्हणाला, "मामा, सारखी दाराकडं बघत होती. खाट फिरवून घ्यायला लावली. वाट बघत होती."

आपण रोज म्हणतो, वाट बघतोय. मीही वर्गात हजार वेळा वाक्प्रचार आणि अर्थ असा शिकवला असेल. वाट पाहणे म्हणजे प्रतीक्षा करणे, एक गुण. त्या दिवशी त्या खाटेजवळ बसल्यावर मला तो अर्थ पहिल्यांदा कळला. वाट म्हणजे खरोखरच ती वाट, जिच्यावरून आपलं माणूस येणार असतं. आक्का आयुष्यभर त्या वाटेकडे डोळे लावून उभी राहिली. मी त्या वाटेनं यायचा सोडून दुसऱ्याच वाटेला लागलो होतो.

मुलानं त्या दिवसानंतर डबी गाडीला लावली नाही. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "फेकून द्या." मी माळ्यावर टाकली. आम्ही दोघं या विषयावर कधीच बोललो नाही. पुढं फोनवर नकाशे आले. आता तो रस्ता कुठं तुंबलाय तेही दाखवतो. २०२१ मध्ये सरकारनं नकाशांवरची बरीच बंधनं उठवली. आक्काच्या गावच्या ओढ्यावरही आता उंच पूल झालाय. भाचा म्हणतो, त्या वाटेनं आता खरंच नऊ किलोमीटर वाचतात. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. तिला फक्त पाऊस माहीत नव्हता, आणि कुणी आपल्यासाठी थांबलंय हेही माहीत नव्हतं. तिला वाट दिसायची, वाट बघता येत नव्हती. त्याबद्दल तिला काय दोष द्यायचा?

पण मी बघतो, माझा मुलगा आजही गावाला निघाला की तीनदा रस्त्यात थांबून माणसांना विचारतो. हातात एवढा भारी फोन असताना टपरीवर गाडी थांबवतो आणि "काका, पुढं रस्ता चांगला आहे ना?" म्हणतो. सूनबाई त्याला हसते. मी हसत नाही. मला माहीत आहे, तो काय मनात धरून बसलाय.

तो माझं लिहिलेलं वाचतो. परदेशी असला तरी वाचतो आणि शुद्धलेखनाची चूक सापडली की रात्री फोन करतो. म्हणून हे त्याच्यासाठी लिहून ठेवतो, कारण समोरासमोर पंधरा वर्षांत जमलं नाही. बाळा, त्या वळणावर चूक तुझी नव्हती. डबीचीही नव्हती. तुझ्या शेजारी एक माणूस बसला होता, त्याला रस्ता ठाऊक होता, आणि तो बोलला नाही.

डबी माझ्या खणात आहे. येशील तेव्हा आपण दोघं मिळून भंगारवाल्याला देऊ. वीस रुपये सांगतोय, घासाघीस केली तर पंचवीस देईल.